कडेकडेनं चालणारे विरूपाक्ष मास्तर

विरूपाक्ष मास्तर मोकळ्या मैदानातून कधी आडवे गेले नाहीत. मैदान म्हणजे शाळेचंच असं नव्हे. कापणी झालेलं रान असो, बाजार उठल्यावरची जागा असो, नाहीतर आटलेल्या तळ्याचा तळ असो. सपाट, रिकामी जमीन दिसली की मास्तर तिला वळसा घालून कडेनं जायचे. नळदुर्गच्या शाळेत मी गणित शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी घंटा चुकेल म्हणून मैदानातून सरळ निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"गुरुजी, कडेनं या. खेळ चालू हाय."

मैदानात एक शेळी चरत होती. दुसरं कुणी नव्हतं.

ते आमचे ड्रिल मास्तर. पन्नाशीला आलेले, उंच, वाळक्या अंगाचे. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि तिच्या शेजारी शिट्टी. दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेल्या. नमस्कार करताना ते दोन्हींना हात लावत. त्यांना माहीत नाही असा खेळ नव्हता. जेवताना कुस्ती सांगायला लागले की पहिला डाव पडेपर्यंत भाकरी हातातच राहायची. पण त्यांना स्वतःला खेळताना कुणीच पाहिलं नव्हतं. पोरं हुतूतूला ओढायची, तर म्हणायचे, "तुमी खेळा. म्या बघतो." त्यांना खेळता येत नसावं, असा आम्हा सगळ्या मास्तरांचा समज होता, आणि तो आम्ही आपसात फार आवडीनं बोलत असू.

"अजून शिट्टी झाली न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, हजेरीपट का भरला नाही म्हणून तापले की हेच उत्तर. आमच्या शेजारचे एक म्हातारे अगदी शेवटाला लागले होते. घरातल्यांनी तोंडात गंगाजळ घातलं, बायका रडायला लागल्या, तेवढ्यात मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "दम धरा. अजून शिट्टी झाली न्हाय." म्हातारे त्यानंतर तीन वर्षं जगले आणि ते वाक्य आपण ऐकलं होतं, म्हणून मास्तरांवर रुसून राहिले.

तर अशा माणसाबरोबर मला हैदराबादेपर्यंतचा प्रवास घडला. मला खात्याची परीक्षा द्यायची होती आणि त्यांना ड्रिल मास्तरांच्या शिबिराला बोलावलं होतं. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मोटारीच्या पाठीवर भलामोठा बंब बसवलेला असायचा. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं आणि मोटारीबरोबर चालायचं. मास्तरांना हे फार आवडलं. मोटार आणि माणसं अशी शर्यत त्यांनी मनातल्या मनात लावून टाकली. ती बहुतेक वेळा माणसांनी जिंकली.

हुरड्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याएवढी उभी, आणि वारा सुटला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखं वाटायचं. उमरगा मागं पडलं, हुमनाबाद मागं पडलं. मोटार इतकी सावकाश चालली होती की चिंचांच्या सावल्या एकेक करून आमच्या मांडीवर यायच्या, थोडा वेळ बसायच्या आणि उतरून जायच्या. मला मधूनच डुलकी लागे. जाग आली की मास्तर तसेच ताठ बसून बाहेरच्या रानाकडं बघत असलेले दिसत.

दुपारी एका लहानशा गावात मोटार थांबली. बंब निवल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, असं ड्रायव्हरनं सांगितलं. मास्तर लगेच उठले.

"चला गुरुजी. हितं खेळांचा अजायबखाना हाय."

त्यांनी आठ दिवस आधीच ड्रायव्हरला गाठून ठरवून ठेवलं होतं, की बंब निववायचा तर याच गावात निववायचा. हे मला नंतर कळलं.

अजायबखाना म्हणजे एका जहागीरदाराच्या बंगल्यातलं लांबट दालन. जहागीरदारांना खेळाचा नाद होता. ते वारले, आणि दालन त्यांच्या जुन्या नोकराच्या, एका म्हाताऱ्या खाँसाहेबांच्या हवाली राहिलं. खाँसाहेबांनी दार उघडलं. आत खिडक्यांना निळ्या आणि पिवळ्या काचा होत्या. त्यांतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगत होती आणि भिंतीवरच्या वस्तू पाण्याखाली ठेवल्यासारख्या दिसत होत्या. पोलोच्या काठ्या, हॉकीच्या काठ्या, पैलवानांच्या फिरवायच्या लाकडी जोड्या, उचलायचे दगडी नाल, पतंगाची चक्री, शिवण उसवलेला क्रिकेटचा चेंडू. आवाज कसलाच नव्हता. मास्तरांनी दारात चपला काढल्या.

प्रत्येक वस्तूखाली उर्दूत लिहिलेली चिठ्ठी होती. कोण खेळलं आणि कुणाला हरवलं, एवढंच. खाँसाहेब एकेक चिठ्ठी वाचून दाखवत आणि मास्तर त्या वस्तूसमोर उभे राहत. नुसते उभे राहत नसत. नालासमोर त्यांचे खांदे वर उचलत, चेंडूसमोर मान हळूच डावीकडून उजवीकडं जाई. खाँसाहेब कधी त्यांच्याकडं बघत, कधी माझ्याकडं. मी ओशाळून छताकडं बघत होतो.

एका कपाटात खालचा खण रिकामा होता. तिथं मास्तर बराच वेळ थांबले. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत पाच गजगे होते. बायका, मुली खेळतात ते सागरगोटे. राखाडी रंगाच्या, टणक कवचाच्या बिया. हाताळून हाताळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या.

"हे ठेवून घ्या," मास्तर म्हणाले.

खाँसाहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मास्टरसाब, ये तो बच्चियों का खेल है."

"खेळ हाय ना?"

 खाँसाहेबांनी गजगे हातात घेऊन पाहिले. मग नाइलाजानं कोरी चिठ्ठी घेतली, दौत उघडली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कौन खेलते थे?"

"गुरुबसव्वा. आळंदच्या."

"किसकू हराए?"

"विरूपाक्षला. नळदुर्गच्या."

खाँसाहेबांची लेखणी थांबली. "ये विरूपाक्ष कौन?"

"म्या."

मास्तरांचं लग्न झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. शाळेत कुणालाच माहीत नसावं. आम्ही त्यांना ब्रह्मचारी समजत होतो आणि त्यावरही आपसात बोलत होतो. ते मात्र शाळेतला एखादा सामना सांगावा तसं सांगत होते.

"आमच्या घरात समदी मराठी बोलायची. तिला नुसती कन्नड यायची. लग्न करून आली ती कुणाशी बोलंना. दुपारच्याला गोठ्याच्या मागं एकटीच गजगे खेळत बसायची. एक दिस म्या म्होरं जाऊन बसलो. म्हणायचं काय ते सुचंना, म्हणून हात म्होरं केला. तिनं माझ्याकडं बगितलं आन् डाव मांडला. दोन वरसं खेळलो, साहेब. रोज हरलो. ती पाचच्या पाच एका हातानं झेलायची, बगून न्हाय, नुसती." त्यांनी रिकामा तळहात पालथा केला, उताणा केला. "दोन वरसांनी तापात गेली."

खाँसाहेबांनी चिठ्ठी पुरी केली. शाई वाळेपर्यंत ती दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग खण आपल्या उपरण्यानं पुसला, गजगे एकेक करून मांडले, आणि इतर चिठ्ठ्या वाचून दाखवत होते तशाच भरदार आवाजात ही चिठ्ठीही वाचली. एवढ्या मोठ्या दालनात ते नाव घुमलं. मास्तर ताठ उभे राहून ऐकत होते.

मोटारीचा भोंगा वाजला. आम्ही परतलो. बंब निवला होता, उन्हं कलली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं रान तांबूस झालं होतं. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण आतापर्यंत त्यांच्या पाठीमागं जे बोललो होतो तेच आठवत होतं. शेवटी मास्तरच बोलले.

"गुरुजी, एक गोष्ट त्यान्ला सांगितली न्हाय."

"कोणती?"

"शेवटचा डाव म्या जिंकला."

ते बाहेर बघत होते.

"ताप चढला होता तिला. मलाच वाटलं, खेळली तर हुशारी वाटंल. अंथरुणावरच डाव मांडला. वर टाकलेला गजगा तिच्या हातात आला न्हाय, उशीवर पडला. लई हसली. म्हणली, इन्नोम्मे." मला कन्नड येत नाही हे आठवून त्यांनी सांगितलं, "म्हंजी, अजून एक डाव."

मोटार चढाला लागली. ड्रायव्हरनं मागं वळून आम्हाला उतरायला सांगितलं, आणि माणसं उठायला लागली. मास्तर जागचे हलले नाहीत.

"म्या म्हणलं, तू निज आता. उद्या खेळू."