एकीतेरेकचा एकच नवरा

एकीतेरेक तालुक्याच्या विवाह व जन्म नोंदणी कार्यालयात संगणक बसला, तेव्हा प्रात्यक्षिक म्हणून संचालक एर्मेक साद्रोविच यांनी वराच्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं. प्रांतातून आलेल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मेंढा कापला गेला, आणि आता कागदाची गरज उरली नाही म्हणून त्या हिवाळ्यात जुन्या नोंदवह्या शेगडीत घालण्यात आल्या. कार्यालय इतकं छान तापलेलं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

बर्फ वितळल्यावर चिनारा आणि मेलिस लग्नाच्या नोंदणीला आले. चिनारा शाळेत गणित शिकवायची, मेलिस टायर दुरुस्त करायचा. टेबलाशी सईराकान एजे बसल्या होत्या. गावात सगळेच त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत; वयानं त्यांच्याहून थोरलेसुद्धा. एजेंनी मेलिसचं नाव लिहिलं, कळ दाबली, प्रमाणपत्र छापून बाहेर आलं. वधू: चिनारा. वर: एर्मेक साद्रोविच.

"एजे, हे कोण?" चिनारानं विचारलं.

"आमचे साहेब. थांब, बंद करून चालू करते."

बंद करून चालू केलं. पुन्हा साहेबच आले.

"सकाळपासून हेच चाललंय," एजे म्हणाल्या. "तू निदान शांत आहेस. तुझ्या आधीची तर भोकाड पसरून बसली होती. तूर्त हे घेऊन जा, दुरुस्ती होईल."

दुरुस्तीचं काम रीतसर हाती घेण्यात आलं. प्रथम माउस बदलला. मग कळफलक बदलला. मग खोलीत अर्चा या सुवासिक डोंगरी झाडाच्या फांद्यांची धुरी फिरवली, कारण यंत्राला दृष्ट लागल्याची शक्यता एजेंनी लेखी कळवली होती. धुरीनं काही झालं नाही, तेव्हा आणखी एक मेंढा कापला. त्याचं मांस हुद्द्याप्रमाणे वाटण्यात आलं आणि दुपारभर कुणाचीच तक्रार नव्हती. शेवटी, ज्यानं हे सॉफ्टवेअर बनवलं होतं त्या प्रोग्रामरला फोन लावला. तो एव्हाना रशियात टॅक्सी चालवत होता.

"बंद करून चालू केलं का?" त्यानं विचारलं.

"केलं रे बाबा."

"मग सगळं काढून नव्यानं बसवा. प्रात्यक्षिकात घोळ नको म्हणून मी ते नाव घट्ट बसवून ठेवलं होतं, नंतर काढायचं राहिलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. नोंदी जातील, त्या पुन्हा भरा. चला, गिऱ्हाईक आलं."

सगळं काढून टाकण्याएवढी मोठी गोष्ट टॅक्सीवाल्याच्या सांगण्यावरून कशी करायची? म्हणून चौकशी समिती नेमली गेली. समितीनं तीन दिवस जेवण घेतलं आणि निष्कर्ष दिला: यंत्रणा निर्दोष आहे, वरांच्या नावांतच एकवाक्यता नसल्यामुळे गैरसमज होत आहेत.

तोवर पाळणे हलू लागले होते. कायद्यानं बाईचं मूल हे तिच्या नवऱ्याचं, आणि नवरा तर तालुक्यात एकच. चिनाराला हिवाळ्यात मुलगा झाला. जन्मदाखल्यावर त्याचं नाव आलं: तेमिर एर्मेक-उलू. म्हणजे एर्मेकचा मुलगा तेमिर. मेलिसनं दाखला उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आपलं नाव असेल.

साहेब सुरुवातीला हादरले होते. त्यांची पहिली, म्हणजे खरी, बायको सोनुनबू कार्यालयात आली, बाकावर बसलेल्या नववधूंना एकेक करून न्याहाळलं आणि, "यातल्या एकीला तरी पीठ मळता येतं का?" एवढंच विचारून निघून गेली. साहेब त्या रात्री कार्यालयातच झोपले म्हणतात. पण थोड्या दिवसांनी राजधानीहून पत्र आलं. इतक्या थोड्या काळात इतकी अपत्यं देशात कुणालाच झालेली नव्हती. साहेबांना 'वीरपिता' पदक मिळालं, घरासाठी जमीन मिळाली, वर एक सात आसनी गाडीही मिळाली. 'सात आसनांत कसं व्हायचं?' असं साहेब भाषणात म्हणाले आणि लोक हसले. त्या दिवसापासून कार्यालयात 'बिघाड' हा शब्द वापरायला बंदी आली.

बंदी घालायची तशी गरज नव्हती. लोकांनाच आता तो शब्द आवडेनासा झाला होता. बालवाडीत वर्षानुवर्षं रांग असायची. दाखल्यावर 'एर्मेक-उलू' दिसलं की त्याच दिवशी जागा मिळू लागली. दवाखान्यात डॉक्टर स्वतः उठून दार उघडू लागले. एकदा मेलिसला वाहतूक पोलिसानं अडवलं, तर मेलिसनं परवान्याऐवजी मुलाचा दाखला काढून दाखवला. पोलिसानं सलाम ठोकला.

"सलाम!" मेलिस घरी येऊन सांगत होता. "मला!"

"तुला कुठला? दाखल्यावर तू आहेस कुठे?" चिनारा म्हणाली.

"अगं, कागदाचं काय घेऊन बसलीस? घरात बाप मीच ना? रात्री तो रडतो तेव्हा कोण उठतं?"

"मी."

मेलिस चहा ढवळत बसला. त्यात साखर नव्हती.

चिनारा दर आठवड्याला कार्यालयात जायची. तिचं मागणं एकच होतं: मोठं झाल्यावर कुणी विचारलं, तू कुणाचा, तर तेमिरनं खरं नाव सांगावं आणि कागदानं त्याला खोटं पाडू नये.

"माझ्या एकटीची दुरुस्ती करा ना, एजे."

"एकटीची होत नाही गं. झाली तर सगळ्यांची. हे बघ."

पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबला होता: 'सर्व नोंदी पुसून नव्याने सुरुवात करायची? हो / नाही.' 'हो' दाबायची कुणाची छाती नव्हती. 'नाही' दाबायलाही कुणी तयार नव्हतं, कारण 'नाही' म्हटलं की प्रश्न होता हे मान्य केल्यासारखं झालं असतं. मधल्या काळात पडद्यावर एक भरतकाम केलेला रुमाल घालून ठेवला होता. पण त्या प्रश्नामागे सगळं काम अडकलं, लग्नं खोळंबली, मुलींचे बाप ओरडू लागले. तेव्हा साहेबांनी कार्यालयातच सभा बोलावली. सभेनं 'नाही' म्हणायचं, मग जेवण, मग दुवा, आणि मग एजेंनी कळ दाबायची, असा कार्यक्रम ठरला.

सभेत पहिला उठला तो चिनाराचा सासरा, कुल्मात. पांढरी दाढी, उंच टोपी, आवाज असा की बाहेरची घोडी बिचकली.

"आपल्यात सात पूर्वजांची नावं येत नसतील, तर त्याला माणसात धरत नाहीत! माझ्या नातवाला कुणाची नावं सांगू? आणि सात पिढ्यांच्या आत आपल्यात लग्न होत नाही. ही सगळी पोरं एकाच बापाची. उद्या लग्नं कुणाशी लावणार?"

"शेजारच्या तालुक्यात," साहेब म्हणाले.

"तिथंही हेच सॉफ्टवेअर बसवलंय!"

लोक बोटांवर तालुके मोजू लागले. चिनाराला वाटलं, जिंकलो.

साहेब उठले, सासऱ्याच्या हाताला धरून म्हणाले, "अक्साकाल, वडीलधारे तुम्ही, आणि दाराशी कसे बसलात? चुकलंच आमचं." त्यांनी त्याला सगळ्यात वर, मानाच्या जागी नेऊन बसवलं आणि मेंढ्याचं उकडलेलं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. डोकं सगळ्यात थोर पाहुण्याला द्यायचं असतं. कुल्मातला उभ्या आयुष्यात ते कधी मिळालं नव्हतं. त्यानं डोक्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग सुरी हातात घेतली.

"तसे एर्मेकचे सात पूर्वजही काही वाईट नव्हते," तो म्हणाला. "चौथ्याकडे घोडे होते."

मग हात वर करायला सांगितलं. पुसून टाकण्याच्या बाजूनं एकच हात वर झाला, चिनाराचा. तिच्या दुसऱ्या हातात तेमिर होता.

"विरोधात?"

तिनं मेलिसकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच पडली नाही. शेजारून बाही वर जाताना तिच्या गालाला घासून गेली.

"बालवाडीपुरतं गं," मेलिस कुजबुजला. "फक्त बालवाडीपुरतं."

जेवण झालं. कुल्मातनं दुवा म्हटली: घराघरात लेकरं होवोत, कार्यालय सुखी राहो. सगळ्यांनी तळवे समोर धरले. "ओमीन!" म्हणत सगळ्या सभेनं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि घटकाभर तालुक्यात एकही डोळा उघडा नव्हता.

चिनारा टेबलाशी उभी होती. तिनं रुमाल उचलला आणि 'हो' दाबलं.

लोकांनी चेहऱ्यावरचे हात काढले, तोवर पडद्यावर एक हिरवी पट्टी शेवटापर्यंत पोचली होती.

"कुणी दाबलं?" साहेब किंचाळले.

"तुमच्या बायकोनं," चिनारा म्हणाली.

अख्खी सभा एका क्षणात अविवाहित झाली होती. काही जोडपी, उगाच लोक काय म्हणतील म्हणून, बाकावर एकमेकांपासून थोडी लांब सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंदी सुरू झाल्या. साहेब खिशात राजीनामा घालून कोपऱ्यात उभे होते. रांगेत पहिली चिनारा. एजेंनी नाव लिहिलं, कळ दाबली, प्रमाणपत्र छापून आलं. वर: मेलिस. चिनारानं ते दोनदा वाचलं, मग तेमिरच्या कानाशी नेऊन त्यालाही वाचून दाखवलं. मेलिसनं वाचलं आणि त्याचा चेहरा लांबला.

तेवढ्यात मागचा दाढीवाला पुढे वाकला. "एजे, आमचं आधीचंच राहू द्या."

"अरे, आता बिघाड गेला. आता तुझंच नाव येतं."

"म्हणून तर सांगतोय."

"आमचंही!" त्याच्या मागून आवाज आला. मग रांगभर तेच सुरू झालं. एका बाईनं तर गेल्या खेपेला साहेबांचं नाव जाड छापलं होतं, तसंच जाड पाहिजे, असं बजावलं.

साहेबांनी राजीनाम्याची घडी मोडून आणखी बारीक घडी केली आणि रशियात फोन लावला. सुधारित सॉफ्टवेअर संध्याकाळपर्यंत आलं. त्यात वडिलांसाठी दोन रकाने आहेत: 'वडील (प्रत्यक्ष)' आणि 'वडील (उपयोगी)'. पहिला ऐच्छिक, दुसरा सक्तीचा.

चिनारा जन्मदाखल्यासाठी आली, तेव्हा तिनं पहिल्या रकान्यात मेलिसचं नाव घालायला लावलं आणि दुसऱ्यावर तळहात ठेवला.

"रिकामा कशाला ठेवायचा?" मेलिस म्हणाला. "लोकांना मिळत नाही असं नाव."

तिनं हात काढला नाही. एजेंनी उसासा टाकून तसाच दाखला छापला. त्यावर तिरका शिक्का आहे: 'अपूर्ण'. तेमिर बालवाडीच्या यादीत सगळ्यात शेवटी आहे आणि बापाचं नाव विचारलं की सांगतो.

नवी पद्धत इतरत्रही लागू करावी, अशी मागणी लांबलांबून येते आहे. इच्छुकांनी माहितीसाठी कार्यालयात समक्ष भेटावं. येताना कुणाची तरी ओळख घेऊन यावं; नाहीतर रांग मोठी आहे, हे तुम्हाला सांगायला नको.