मदनलालशेटचा सुजलेला हात

हुरडा खाता खाता माणूस बांधावरून मागच्या मागे पडतो आणि हात मोडून घेतो, हे मंचरच्या बाजारात कुणाला पटेना. पण कापडवाल्या मदनलालशेटनी ते करून दाखवलं होतं. हात प्लास्टरात आणि प्लास्टर गळ्यातल्या झोळीत गेलं. बायकोने, उगमबाईंनी, निकाल दिला, "औंदा घरात हुरड्याचं नाव काढायचं नाही. मीपण खाणार नाही."

शेटना हाताचं फारसं दुःख नव्हतं. हंगाम सरत चालला होता, त्याचं होतं.

म्हणून निरगुडसरचा गेणू दुकानात डोकावला, तेव्हा शेटना भरून आलं. "शेट, आत्ताच भाजलाय. लई कवळा हाये," म्हणत गेणूने पुडकं काढलं, तोच मागच्या दाराने उगमबाई आल्या. गेणूने पुडकं शेटच्या गळ्यातल्या झोळीत सारलं आणि "येतो राव" म्हणून सटकला.

"चला देरासरला. हाड जुळेस्तोवर रोज दर्शन."

शेटनी मावळतीकडे पाहिलं. सूर्य बुडाला की तोंड बंद. आणि रात्र उलटली की हुरडा शिळा, म्हणजे तोही बंद. भराभर दर्शन उरकलं तर जमण्यासारखं होतं. पण जैन मंदिराच्या पायरीवर शेटचा पाय अडला. खायची वस्तू घेऊन देरासरात गेलं, की ती पुन्हा तोंडात घालायची नाही, हा लहानपणापासूनचा नेम!

"मी इथूनच हात जोडतो."

"एका हाताने?"

"दुखतोय गं."

उगमबाईंनी झोळी चाचपली आणि किंचाळल्या, "अंकित! पप्पांचा हात बघ केवढा सुजलाय! गरमपण लागतोय!"

मुलगा धावला. दर्शनाला आलेली मंडळी जमली. "आत पू झाला असणार," एकाने सांगितलं. "आमच्या साडूचा असाच होता. कापला," दुसऱ्याने धीर दिला. शेटना दरदरून घाम फुटला. घाम बघून ताप आल्याचंही ठरलं.

दवाखान्याच्या वाटेवर गाडीच्या प्रत्येक गचक्याला सुटलेल्या पुडक्यातले दाणे कोपराकडे घरंगळत होते आणि शेट कण्हत होते. कण्हणं खरं होतं.

डॉक्टरांनी धडक्या हाताला रक्तदाबाचा पट्टा आवळला आणि झोळी सोडली. टेबलावर हिरवागार हुरडा सांडला.

उगमबाईंची नजर शेटकडे वळली.

"तो गेणू..." शेट पुटपुटले.

उगमबाईंनी खिडकीतून पाहिलं. सूर्य डोंगराला टेकला होता. त्यांनी एक मूठ भरली, चावली, डोळे मिटले. "कवळा आहे. अंकित, घे पटकन!"

"डॉक्टर, पट्टा सोडा ना!" शेट कळवळले.

"हलू नका. बीपी फार वाढलंय."

पट्टा फुस्सकन सैल झाला, तेव्हा उगमबाई पदराने तोंड पुसत होत्या. "बुडाला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना असला काही नेम नव्हता. उरलेले दाणे त्यांनी तळहातावर गोळा केले, फुंकर मारली आणि चावत चावतच म्हणाले, "सोमवारी परत दाखवा. तोवर सूज उतरू देऊ नका."