सर्जेरावआबांचा तिसरा मजला

सर्जेरावआबांनी मला पहिल्यांदा लिफ्टमध्ये घातलं ते उसाच्या रानात. कळंब्याच्या अलीकडे. ऊस कारखान्याला जाऊन चार दिवस झालेले, पायात पाचट अडकतंय, चपलेला खोडकी टोचतायत, आणि हा गृहस्थ मला दंडाला धरून मागं ओढतोय.

"जरा सरका, मास्तर. लिफ्ट येत्या."

मी सरकलो. यात माझा दोष नाही. त्यांच्या आवाजात लिफ्ट होती. नुसता सरकलो नाही, तर 'आधी तुम्ही' म्हणून हातही केला. आबा आत शिरले, मागोमाग मी. मग आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून अर्धं मिनिट गप्प उभे राहिलो, अनोळखी माणसं लिफ्टमध्ये उभी राहतात तसे. बांधावरची म्हैस रवंथ थांबवून आमच्याकडे बघत होती.

"तिसरा मजला," आबा म्हणाले. "उतरा."

मी उतरलो. उतरताना पाय जपून टाकला, हेही एकदाचं कबूल करून टाकतो.

सर्जेरावआबा म्हणजे आमच्या भागातले जागा आणि गाळ्यांचे एजंट. बाकीचे एजंट मोबाईलवर चकाचक इमारती फिरवून दाखवतात. आबांच्या खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत फक्की. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड. मोकळ्या रानात गिऱ्हाईक उभं केलं की आबा वाकून फक्कीची धार सोडत चालायला लागतात आणि पाच-दहा मिनिटांत जमिनीवर अख्खी इमारत उमटते. हा जिना, हे पार्किंग, ही वॉचमनची खोली. त्यांचा शर्ट पांढरा, पँट पांढरी. मला आधी वाटायचं, राजकारणात आहेत. नंतर कळलं, फक्की दिसू नये म्हणून.

एकदा रेघ मारली की ती भिंत. मग तिच्यातून कुणी जायचं नाही. हुपरीचे एक चांदीवाले गाळा बघायला आले आणि सवयीनं सरळ चालत सुटले, तर आबा केवढ्यांदा ओरडले!

"ओ पावणं! मीटरच्या खोलीतनं चाललायसा की! चिकटशीला!"

चांदीवाले जागच्या जागी थिजले. मग त्यांना मागं आणून, वळसा घालून, दारातून आत घेतलं. गाळा त्यांनी लगेच बुक केला. मला वाटतं, जीव वाचला म्हणून.

'धरून चाला' हे त्यांचं पालुपद. "धरून चाला, रस्ता चौपदरी झाला. धरून चाला, विमानं वाढली. आता धरून चाला, ही म्हस हितं न्हाय." आबांना आजचं कोल्हापूर दिसतच नाही, पाच वर्षांनंतरचं दिसतं. माझ्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालली असताना मांडवाची उंची न्याहाळत ते माझ्या कानाशी लागले, "मास्तर, वर चार मजलं आरामात निघत्यात." मी म्हटलं, आबा, आधी अक्षता टाका. त्यांनी टाकल्या. पण त्या नवरानवरीवर न पडता साधारण लिफ्टच्या जागी पडल्या.

आता मी त्या रानात कसा पोचलो ते. मी भूगोलाचा मास्तर. राहायला मंगळवार पेठेत. छत्तीस वर्षं पोरांना नकाशे वाचायला शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पहिली गुंतवणूक केली ती इमू पक्ष्यांत. त्या पक्ष्यांचं पुढं काय झालं हे तालुक्याला माहीत आहे. शेवटचा इमू धरायला अर्धी गल्ली पळाली होती. तेव्हापासून आमच्या हिनं एकच अट घातली. "पुढं जे काय घ्याल," ती म्हणाली, "त्याला पाय नसावेत."

गाळ्याला पाय नसतात. म्हणून मी आबांकडे गेलो.

आमच्याकडं इमारतीचं गणित ठरलेलं आहे. खालचे दोन-तीन मजले दुकानं, वर फ्लॅट. दुकानदार वर झोपतो, सकाळी खाली उतरून शटर उघडतो, दुपारी वर जाऊन जेवतो. सगळं सुखाचं. पण आबांच्या प्रत्येक इमारतीत, फक्कीच्या असो की सिमेंटच्या, दुकानं आणि फ्लॅट यांच्यामध्ये एक मजला जास्तीचा असायचा. तिसरा. "हितं हापिसं," ते म्हणायचे. "काचंची. एसी लावल्याली. पोरंपोरी कॉम्प्युटरवर बसल्यात, बघा." आणि मग ते खरंच बघत राहायचे. त्या रानात, त्या पहिल्या दिवशी, ते इतका वेळ बघत राहिले की मीही दोन मुलींना वळसा घालून पुढं गेलो.

बिल्डर प्रशांतशेठ तरुण, हसतमुख माणूस. त्याला हे पटत नव्हतं. "आबा, कोल्हापुरात हापिसात बसतंय कोण? माणूस दुकानात बसतोय, न्हायतर कट्ट्यावर." पण ते रान आबांच्या शब्दावर मिळालं होतं. शेतकरी दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नव्हता. तेव्हा शेठनं मान तुकवली आणि मंजूर नकाशात तिसऱ्या मजल्यावर ऑफिसं आली. मी तळमजल्यावरचा चार नंबरचा गाळा घेतला. हिनं येऊन तो चारी बाजूंनी बघितला, पाय नाहीत याची खात्री केली, आणि नारळ फोडला.

इमारत उभी राहिली. दुकानं गेली, फ्लॅट गेले. तिसऱ्या मजल्यावर कुणी फिरकलं नाही. वर्षभरानं शेठनं ठरवलं, इथं हॉल करू. बारसं, साखरपुडा, वाढदिवस. हॉल काय, आपल्याकडं सकाळ-संध्याकाळ चालतो. पण मंजूर नकाशा बदलायचा तर ज्यांनी जागा घेतल्या आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या सह्या लागतात.

ही बातमी लागली आणि आबा दारोदार फिरायला लागले. ज्या माणसानं आयुष्यात गिऱ्हाइकापुढं कधी हात जोडले नाहीत, तो माझ्या सोप्यात चहा न पिता उभा होता.

"मास्तर, सही तेवढी करू नका. बाकी कायबी मागा."

"आबा, पण हॉलनं तुमचं काय बिघडतंय? तुमची दलाली तर..."

"दलालीचं न्हाय वं." ते खिशात हात घालून फक्की चिमटीत चोळत राहिले. "तिसरा मजला हापिसाचाच ऱ्हायला पायजे. बास."

मी शब्द दिला. अंबाबाईची शपथ घेऊन दिला. मी शब्दाचा पक्का आहे, फक्त डोळ्यांचा कच्चा आहे.

पंधरा दिवसांनी शेठ कागदांची चळत घेऊन आला. पाणी कनेक्शनचा अर्ज, सोसायटीचा अर्ज, आणखी कसले कसले. चहा झाला. मी सह्या करत सुटलो. मध्येच एक घडी घातलेला मोठा कागद आला. शेठ खरंच म्हणाला, मी त्याला दोष देणार नाही, "सर, नकाशा हाय. एकदा उघडून बघून घ्या."

"मला नकाशा दाखवतोस?" मी म्हणालो. "छत्तीस वर्षं दुसरं केलं काय?" घडीच्या बाहेर दिसणाऱ्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण होता. तो मी तपासला. उत्तर बरोबर होती. खाली झोकदार सही ठोकली.

तो हॉलचा नकाशा होता, आणि त्याला एकच सही कमी पडत होती. ती माझी.

कोल्हापूरचा माणूस चिडला की तीन गल्ल्यांना कळतं. मी आबांच्या ओरडण्याची तयारी करून, हिला स्वयंपाकघरात बसवून, दार उघडं ठेवून वाट बघत होतो. आबा आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"उघडून बघितला न्हाईसा?"

"नाही."

"व्हय," एवढंच म्हणाले आणि गेले. तीन गल्ल्या राहिल्या बाजूला, स्वयंपाकघरातही ऐकू गेलं नाही. मला ते फार लागलं.

पुढं दोन महिने आबा दिसले नाहीत. कुणी म्हणालं, तब्येत बरी नाही. कुणी म्हणालं, फक्की सोडली. शेवटी एका रविवारी दुपारी मी गाळ्याचं कुलूप बघायच्या निमित्तानं गेलो आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. आता लिफ्ट खरी होती. सवयीनं मी आधी बाजूला सरकलो.

वर हॉलचं काम चाललेलं. निम्म्या फरश्या बसलेल्या, कामगार सुट्टीवर. आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात, उघड्या फरशीवर, फक्कीची चौकट. दहा बाय बाराची असेल. एका बाजूला दारापुरती फट सोडलेली. आत एक टेबल, टेबलामागं चाकांची खुर्ची. अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आबा रंगाच्या उलट्या बादलीवर बसले होते.

मी घाईनं पुढं झालो.

"भिंतीतनं येऊ नका," ते म्हणाले.

मी वळसा घालून दारातून गेलो.

"शेठ दलाली द्यायला आलता," आबा सांगायला लागले, मी काही विचारायच्या आधीच. "म्हटलं, ती नगं. हॉल कर तुझा, पर ह्यो कोपरा हापिसाचाच ठेव. माझ्या नावानं. पोरगं बरं हाय, व्हय म्हणालं. रोज सकाळी येतोय. फरशीवालं झाडू मारत्यात, रेघा जात्यात. पुन्यांदा मारतोय."

"पण आबा, ऑफिस कुणाचं?"

"सायलीचं."

मला त्यांना मुलगी आहे हे माहीत होतं. पुण्यात असते एवढंच.

"कॉम्प्युटरची डिग्री घेतली हितनं. पयला नंबर. निघाली तवा मी स्टँडवर म्हटलं, बाई, हितंच बस की. तर म्हणाली, बसू कुठं आबा? हापिसं कुठायत हितं?" त्यांनी हाताला लागलेली फक्की गुडघ्याला पुसली. "खोटं न्हवतं बोलली. नऊ वर्सं झाली. ह्या गावात मी ज्यानं मागितली त्याला जागा दिली, मास्तर. पोरीनं मागितली, तवा माझ्याकडं न्हवती."

खालच्या रस्त्यावरून रिक्षा गेली. खिडकीतून कळंब्याचं तळं दिसत होतं.

"टेबल मुद्दाम तिकडं तोंड करून लावलंय," आबा म्हणाले. "पवायला तितंच शिकली ती. पाठीला डबा बांधून."

"येणार म्हणते का?"

"बघू, म्हणत्या." मग जरा वेळानं, "आता म्हणं घरनंबी चालतंय त्यांचं काम. मग हितनंबी चालंल की. न्हाय काय?"

मी नको इतक्या मोठ्यानं बोलायला लागलो. "आबा, त्या सहीचं मला खरंच..."

त्यांनी हात वर केला. डोळे प्लास्टिकातल्या खुर्चीवर होते.

"हळू," ते म्हणाले. "कामात हाय ती."

मी चपला हातात घेतल्या. फटीशी आलो, बाहेर पडलो, आणि आवाज होणार नाही अशा बेतानं दार मागं लोटून घेतलं.