डाळ शिजली का?

मन्मथअप्पांना कुणी "शरणार्थ" म्हणून नमस्कार केला की ते हात जोडतात आणि विचारतात, "डाळ शिजली का?" लग्नात, मयतीला, बँकेच्या रांगेत, प्रश्न तोच. चाकुरात मी नवा मास्तर म्हणून आलो तेव्हा वाटलं, यांना जेवायला बोलवायला हवं. बोलावलं. अप्पांनी वाटीतली डाळ बोटाने दाबून पाहिली आणि आमच्या हिला म्हणाले, "पानी बरं हाय तुमचं." आमटीबद्दल अवाक्षर नाही. ही आठवडाभर धुमसत होती.

अप्पांचं दुकान पाण्याच्या मोटारींचं. गिऱ्हाइकाने पाच हॉर्सपॉवरची मागितली की हे तीनची पुढे करतात. "लई वढू नगंस. समुद्र आत येतो." चाकुरात समुद्र! गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी छताकडे.

कारण मला पुढे कळलं. अप्पांच्या लेकीने, गौराने, कॉलेजातल्या कोकणी मुलाशी लग्न केलं. जावयाची वाडी समुद्राला लागून, विहिरीवर लहानशी मोटार. अप्पांना ते बघवेना. त्यांनी दुकानातली सगळ्यात मोठी मोटार आहेर म्हणून नेऊन स्वतः बसवली. माड तरारले, आणि मग विहीर खारट झाली. जमिनीखालचं गोडं पाणी समुद्राला रेटून धरतं; ते फार उपसलं की खारं पाणी आत सरकतं. जावयाच्या घरी हे ठाऊक होतं, पण सासऱ्याच्या आहेराला नको कोण म्हणणार? मोटार काढली, पावसाचं पाणी विहिरीत सोडलं. पण बिघडलेली विहीर लवकर सुधारत नाही.

असल्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून दर रविवारी अप्पा दुकानातून लेकीला फोन लावतात, "डाळ शिजली का?" उत्तर कायम, "नाही, अप्पा."

गेल्या महिन्यात मी तिथेच होतो. गौरा म्हणाली, "शिजली, अप्पा! एकदम मऊ!" अप्पा ताडकन उभे राहिले आणि मला पेढे आणायला पिटाळलं. मी चपला घालतोय तोच फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक. गौरा बोलतच होती आणि मागे कुकर थांबायचं नाव घेईना. अप्पा हळूच खाली बसले. "शिजली? लई बेस झालं, माय," म्हणाले आणि फोन ठेवला.

"भाताचा कुकर असेल," मी म्हणालो.

"भाताला इतक्या शिट्ट्या, सर? खोटं बोलायली पोरगी. माझ्यासाठी." ते फडक्याने मोटार पुसू लागले. मला फार वाईट वाटलं. पेढ्यांचा विषय कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा लेकीला पाठवायचं पोतं शिवत बसले होते. दरवर्षी त्यात घरच्या शेतातली तूरडाळ जाते, आणि तिचं कौतुक सांगताना अप्पा थकत नाहीत. या वेळी आत मुगाची डाळ होती. मूग पाण्याचे फार नखरे करत नाही.

"मूग कसा काय?" मी विचारलं.

"गौराला सांगितलं, औंदा आपली तूर बरूबर आली न्हाई."

त्यांच्या पाठीमागे भिंतीला तूरडाळीच्या पोत्यांची थप्पी लागली होती.