वीस गुंठे रानदवणा

सरी पहिली.

"औंदा शेवटचं," जयाबाईनं नवऱ्याला बजावलं. "ही वीस गुंठं माझ्या बानं मला दिल्यात. त्यात तुमी वाळा लावला, उंदरांनी खाल्ला. केवडा लावला, साप आला. आता ह्यो रानदवणा. फसला तर पुढच्या साली तंबाखू, आनि तुमी म्हशीमागं."

"फसतोय कसा?" भरमा म्हणाला. "डोंगरात कोन पानी घालत न्हाय, तरी घमघमतोय. हितं तर आपुन हाय की."

साल एकोणीसशे अडतीस. निपाणीकडं तंबाखू सोडून दुसरं काही लावणाऱ्याला लोक गाडी थांबवून बघत.

सरी दुसरी.

आपण आहोत, हीच अडचण होती. भरमानं शेणखत घातलं. दवणा कमरेएवढा झाला आणि वास गेला. पाणी तोडलं, वास आला, पानं गेली. मग त्यानं डोंगरातले धोंडे गाडीनं आणून बुंध्यांशी मांडले. रोपांना घरच्यासारखं वाटावं म्हणून.

"रानातलं धोंडं येचत्यात," शेजारची नागुबाई म्हणाली. "लावत्यात, हे आजच बघितलं."

सरी तिसरी.

उगवली नाही.

सरी चौथी.

अखेर तुरे आले. बेळगावचे अत्तरवाले हाजीसाहेब बघायला निघाले. तेल सगळं तुऱ्यात, म्हणून त्यांना तुरेच हवे होते. भरमानं त्यांना निपाणीच्या मोटारतळावरून आणायला बैलगाडी जुंपली. जाताना एवढंच म्हणाला, "पावनं येत्यात. रान नीट करून ठेवा."

जयाबाई आणि नागुबाई रानात शिरल्या. दोघींचे हात तंबाखूत वाढलेले. तंबाखूला तुरा दिसला की शेंडा खुडायचा, तरच पान जाड होतं. गप्पा नागुबाईच्या सुनेवर होत्या, हात तुऱ्यांवर. दुपारपर्यंत वीस गुंठ्यांत एक तुरा उरला नाही.

बेळगावची मोटार तीन तास उशिरा आली, आणि भरमा हाजीसाहेबांना घेऊन रानात पोचला.

सरी पाचवी.

"तुरं कुठं हाईत?"

"खुडलं."

"का?"

"तुरा कोन ठेवतंय व्हय?" नागुबाईनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"तुरंच पायजे हुतं गं माझे आये!"

"मग सांगायचं न्हाय?" जयाबाई उसळली. "रान नीट करा म्हनला, केलं!"

"टाकलं कुठं?"

जयाबाईनं गोठ्याकडं बघितलं. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. तिच्या पुढ्यात चार काड्या उरल्या होत्या.

हाजीसाहेबांनी एक पान चुरगाळून हुंगलं. पुन्हा हुंगलं. "घास है," ते हळूच म्हणाले.

पाहुण्याला तसंच कसं धाडायचं? जयाबाईनं संध्याकाळच्या धारेचं दूध तापवून दिलं. हाजीसाहेबांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"या अल्ला, क्या खुशबू! भरमाभाई, खेत रहने देव. यो भैंस कित्ते को देते?"

"म्हस न्हाय इकायची," जयाबाई आतून म्हणाली.

सरी नाही. उकिरडा.

पुढच्या साली वीस गुंठ्यांत तंबाखू लागला. भरमा ठरल्याप्रमाणे म्हशीमागं गेला.

रानदवणा उगवला तो उकिरड्यावर. कुणी न लावता, धोंड्यांशिवाय, शेणातून वर येऊन तो रस्त्यापर्यंत घमघमत होता. हाजीसाहेब दोनदा येऊन हुंगून गेले. तुरे धरले की सगळे घेतो म्हणाले.

ते ऐकून भरमानं म्हैस खुंट्याला बांधली, घागर भरली आणि उकिरड्याकडं निघाला.

"ठेवा ती खाली!" जयाबाई दारातून ओरडली आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "त्येला कळू दिऊ नगा, आपल्याला पायजे हाय म्हनून."