पापड बोलला पाहिजे

प्रणित स्टुलावरून पडला, पण आवाज झाला नाही. हातातलं पातेलं त्याने जमिनीच्या बोटभर वर झेललं, कलंडणारं स्टूल पायाने अडवलं आणि कोपऱ्यातल्या पलंगाकडे असं काही बघितलं, की मोबाइलवर ते रीळ बघणाऱ्या निम्म्या रोह्याला हसून ठसका लागावा. पलंगावर डोक्यापर्यंत चादर ओढून त्याची बायको नम्रता झोपली होती. ती इस्पितळात नर्स, कायमची रात्रपाळी. हा धाटावला कंपनीत दुपारच्या शिफ्टला. घर एका खोलीचं. म्हणजे सकाळी रीळ करायचं तर चिडीचूप करायला हवं, आणि त्या चिडीचूपपणानेच त्याचं नाव झालं. 'मुका प्रणित' म्हणून त्याला कंपनीच्या बसमध्येसुद्धा कुणीतरी सरकून जागा द्यायचं. चेहऱ्यावरची भीती काय छान वठवतो, असं लोक म्हणत. ती वठवावी लागत नव्हती. झोपमोड झालेल्या नम्रताशी लग्नानंतर एकदाच गाठ पडली होती, तेवढी जन्माला पुरली.

अशात पेणहून, रामवाडीच्या बायजामावशीचा फोन आला. तिच्या पोह्याच्या पापडांची जाहिरात प्रणित रिळांत करायचा.

"मुक्याचे दिवस गेले रे बाबा," मावशी म्हणाली. "या टायमाला बोलायचं. आणि पापड पण बोलला पाहिजे. कुर्रम वाजला नाय, तर गिऱ्हाइकाला काय कळनार? तुला जमत नसंल तर सांग, प्रविण तयार हाय."

प्रविण त्याच्याच शिफ्टचा. समोर कुणी नसलं तरी बोलायचा. जाहिरात त्याच्याकडे गेली, की मागोमाग रिळं जाणार, नाव जाणार आणि बसमधली जागाही जाणार.

"जमतंय की, मावशी," तो कुजबुजला.

"मोठ्यानं बोल."

"नम्रता झोपलीय."

दुसऱ्या दिवशी त्याने कुजबुजतच पापडाची तारीफ केली आणि उशीत तोंड खुपसून पापड खाल्ला. मावशीने बघून लगेच फोन केला. "पापड हाय का फडकं? सादळल्यावानी वाटतोय."

मग रजा टाकून प्रणितने कासू गाठलं. गावाबाहेर बांधावर उभा राहून तो छातीभर आवाजात बोलला. आवाज स्वच्छ आला, पापड तर फटाक्यासारखा वाजला. पण रीळ बघताना त्याला स्वतःलाच जांभई आली. बोलायला लागल्यावर तो कंपनीतल्या सुरक्षेच्या सूचना वाचल्यासारखा बोलत होता. पडला तोही धप्पकन, चारचौघांसारखा.

"कीर्तन झालं रे," मावशी म्हणाली. "उद्या दुपारपातूर चांगलं धाड, नायतर प्रविण."

सकाळी प्रणितने मोबाइल लावला, देवाला हात जोडले आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसला. जे व्हायचं ते होऊ दे म्हणत त्याने पापडाचा लचका तोडला.

कुर्रम.

चादर हलली. प्रणितचा घास तोंडातच थांबला. पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं आणि चेहऱ्यावर ती जुनी, अस्सल भीती आली. चादरीतून एक हात बाहेर आला.

"एकटाच खातोस व्हय? मला पन दे."

प्रणितने मुकाट्याने पापड दिला. चादरीच्या आत तो कुर्रम कुर्रम वाजत राहिला.

"मीठ बरोबर हाय," आतून आवाज आला. "आन् काल बांधावर पडलास ते बघितलं मोबाइलवर, काय कामाचं नव्हतं."

"तू... जागी हायस?"

"रोज असते. तू पडलास, पोटभर हसले, की मग झोप लागते मला."

"मग सांगायचं नाय होय?"

"सांगितलं असतं, तर तू घाबरला असतास?"

प्रणितने घाईघाईने जुनी रिळं काढली. प्रत्येक रिळात तो पडला, की मागे चादर गदागदा हलत होती. इतके दिवस हे त्याला दिसलंच नव्हतं, कारण कलावंत स्वतःच्या तोंडापलीकडे सहसा बघत नाही. बघणाऱ्यांनी मात्र ते कधीच हेरलं होतं. खाली प्रतिक्रियांत ओळीने लिहिलेलं होतं, आणि तो ते चादरीच्या नक्षीचं कौतुक समजत आला होता: 'वैनींची चादर एक नंबर.'

त्याने त्या सकाळचं रीळ जसंच्या तसं मावशीला धाडलं. मावशी खूश झाली. "हा खरा बोलपट. पापड बोलला, नम्रता बोलली. तू गप बसलास ते लय बरं केलंस."

जाहिरात राहिली, नाव राहिलं. दुसऱ्या दिवशी प्रणित मोठ्या उमेदीने स्टुलावर चढला. आज पहिल्यांदाच त्याला ठाऊक होतं, की तो कुणासाठी पडतोय. त्याने पातेलं झेललं, स्टूल अडवलं आणि हळूच पलंगाकडे पाहिलं.

चादर हलली नाही. त्याने पुन्हा पडून पाहिलं. आतून संथ घोरणं ऐकू आलं. गुपित फुटलं होतं, सोंग घ्यायचं कारण उरलं नव्हतं, तेव्हा बिचारीला पलंगावर पडल्या पडल्या झोप लागली होती.

प्रणित पातेलं घेऊन जमिनीवर बसून राहिला. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात. ही तर खरीच झोपली होती, हिला उठवता आलं असतं. हसवायचं तर आधी उठवायलाच हवं होतं, आणि तेवढी हिंमत त्याच्यात अजूनही नव्हती.