शैलजाचा थकवा

आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसभराचा थकवा संध्याकाळी पाय धुताना निघतो, आणि तो भांड्यात धरून ठेवावा लागतो. मोरीत सोडला की पाईप तुंबतो. दिसायला पातळ पिठल्यासारखा, फक्त रंग करडा. साधारण माणसाचा वाटीभर निघतो. वाटी खिडकीत ठेवली की सकाळपर्यंत वाळून जाते, मग घासून परत मांडणीवर. यात सांगण्यासारखं काही नाही.

वाटीच्या वर गेलेला थकवा मात्र वाळत नाही. तो तसाच राहतो. आणि माझ्या डोक्यावर राहणाऱ्या शैलजा आवटीचा रोज पातेलंभर निघायचा.

शैलजाचे वडील बापू एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डावं अंग गेलं. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं, सगळं ही एकटी करते, वर लोकांची ब्लाउजं शिवते. बापूंनी पलंगाला दोरी आणि घंटा बांधून घेतली आहे. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. दिवसभर ही पोरगी थांबते आणि चालते.

एके दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या छताला पोट आलं. मी सेक्रेटरी मगदूमांना बोलावलं. ते टेप घेऊन आले, पोट मोजलं, आणि आम्ही दोघं वर गेलो. शैलजाचा माळा भरून गच्च झाला होता. पातेली, बादल्या, कळशा, घागरी, प्रेशर कुकरसुद्धा, सगळ्यांत थकवा.

"माळ्यावर गव्हाचं पोतं चालतं," मगदूम म्हणाले. "थकवा चालतो असं सोसायटीच्या नियमात कुठं लिहिलेलं नाही."

"चालत नाही असंही लिहिलेलं नाही," शैलजा म्हणाली.

"तेही खरंच," म्हणत मगदूम स्टुलावर टेकले.

मग ती रडायलाच लागली. तिच्या पुण्याच्या भावानं बापूंसाठी एक आश्रम बघितला होता आणि तो रविवारी त्यांना न्यायला येणार होता. "मला बापूंना कुठंही पाठवायचं नाही, मालनकाकू. पण वाट्या सोडल्या तर घरात एक भांडं रिकामं राहिलं नाही. आज वरण कशात शिजवू?"

मी असली भडकले! "अगं बये, आम्ही खाली काय मेलो होतो का? विरजण मागायला येतेस तेव्हा बरी लाज वाटत नाही!"

"विरजण वेगळं, काकू. बापाचं करताना दमते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आणि हळू बोला, बापूंना यातलं काही माहीत नाही."

मी तिच्या मांडणीवरची वाटी घेतली, बादलीत बुडवली आणि खाली घेऊन आले. मगदूमांनीही एक घेतली, पंचनाम्यासाठी. थकवा वाटीभरच असल्यामुळे सकाळपर्यंत वाळला. त्या संध्याकाळी माझी मात्र कुणाला तरी उचलून बसवल्यासारखी जराशी कंबर धरली आणि जेवल्यावर गाढ झोप लागली. मगदूमांना तर रिटायर झाल्यापासून झोपच नव्हती. ते असे झोपले की दूधवाल्यानं दार ठोठावून शेवटी पिशवी माझ्याकडे दिली.

हे कळल्यावर शैलजाच्या दारात रांग लागली. आता शेजारची वाटी रिकामी परत करायची पद्धत आमच्यात नाही. मी तिच्या वाटीतून शेंगदाण्याची चटणी पाठवली. कुणी घारगे दिले, कुणी खीर. मगदूमांना स्वयंपाक येत नाही, त्यांनी साखर दिली. माळा रिकामा होत गेला, शैलजाचं फडताळ भरत गेलं आणि माझ्या छताचं पोट आत गेलं. पलंगावरून बापू ओरडायचे, "पुढं सरका! दारात गर्दी करू नका!"

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. मी शेवटची घागर त्याच्या डिकीत ठेवली. "ही तुझ्या वाटणीची. घरी गेल्यावर वाट्यांत काढ, दर रविवारी नवी घ्यायला ये." तो मुकाट्यानं घेऊन गेला. बापू इथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि शैलजा तिच्या घरी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात दोन टोले पडले.

"मला एक वाटी द्या," बापू म्हणाले.

"कसली वाटी, बापू?" शैलजा गोरीमोरी झाली.

"आता बनवू नको. कंडक्टर होतो मी, मागं न बघता मला गाडीचा लोड कळायचा. माळा कसा करकरत होता ते ऐकू येत नव्हतं होय? माझ्या नावाचा माल सगळ्या बिल्डिंगला वाटलास आणि मीच तेवढा राहिलो. दोन वर्षं झाली पोरी, मी दमलो नाही. नुसता पडून असतो. त्याचा किती कंटाळा येतो, तुला काय सांगू."

"पण कालचाही वाटून संपला की, बापू."

बापूंनी उजवा हात पुढं केला. "मग मला काम दे."

शैलजानं माझ्याकडे बघितलं. मी घरी जाऊन मटारची टोपली आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. एका हातानं शेंग सोलणं सोपं नाही. ती हनुवटीखाली दाबायची, अंगठ्यानं उकलायची, दाणे जातात पलंगाखाली. बापू एसटीतल्या शिव्या घालत दुपारभर सोलत होते. शैलजा मदतीला उठली की एक टोला पडायचा. मग ती परत बसायची.

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखे त्यांचे पाय धुतले. दोन वर्षं ते पाणी स्वच्छ निघत होतं. त्या दिवशी घमेल्याच्या तळाशी चमचाभर करडं काहीतरी जमलं.

"काकू!" शैलजा एवढ्यानं ओरडली की सगळी बिल्डिंग वर आली. तिनं तो चमचाभर थकवा वाटीत काढून सगळ्यांना दाखवला. ती हसतही होती आणि रडतही होती. मी तर सरळ रडले.

मगदूम आपली वाटी पुढं करून म्हणाले, "याचं वाटप कसं करायचं?"

बापूंनी वाटीवर उजवा हात ठेवला. "हा कुणाला मिळायचा नाही. हा माझा आहे."

वाटी त्यांनी उशाशी ठेवून घेतली, एक लांबलचक जांभई दिली, घंटेची दोरी दोनदा ओढली आणि झोपले.